तुमच्या बाजूचा कोपरा

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आता ते माझं आहे. तेव्हा ते भाऊंचं होतं, आणि मी तिथे वीस-बावीस वर्षं काम करूनही लोक दारात उभे राहून मलाच विचारायचे, "भाऊ नाहीत का?" मी समोर बसलोय, हातात मीटर आहे, टेबलावर उघडलेलं मशीन आहे, आणि हे विचारतात भाऊ नाहीत का. अरे मेल्यांनो, मी काय शटरला लावलेलं कुलूप आहे? मी "चहाला गेलेत" म्हटलं की ते बाकावर बसून घ्यायचे. अर्धा तास बसायचे, पण पिशवीतलं मशीन काढून मला दाखवायचे नाहीत.

भाऊ म्हणजे माझे सख्खे मोठे भाऊ, माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठे. वडील गेले तेव्हा मी तिसरीत होतो. मला शाळेत घातलं भाऊंनी, कॉलेज सोडलं तेव्हा कानफटात मारली भाऊंनी, आणि दुसऱ्या दिवशी हातात सोल्डरिंग आयर्न दिलं तीही भाऊंनी. त्यांनी रेडिओपासून सुरुवात केलेली. मग टेपरेकॉर्डर, टीव्ही, व्हीसीआर, आणि कॉम्प्युटर आला तेव्हा पन्नाशीच्या तोंडाशी असलेल्या या माणसानं एका उन्हाळ्यात तोही शिकून घेतला. घरी आम्ही अहिराणी बोलायचो. दुकानात गिऱ्हाईक बघून भाषा बदलायची, पण भाऊ रागावले किंवा खुशीत आले की गिऱ्हाईक कोणीही असो, अहिराणीवर यायचे.

दुकानाची एक रीत होती. काम कोणीही करो, शेवटचा स्क्रू भाऊ लावणार. ही रीत आम्ही पाडली नव्हती, लोकांनी पाडली. फार पूर्वी यावलचा एक केळीचा व्यापारी मी दुरुस्त केलेला टेप घ्यायलाच तयार होईना. टेप वाजत होता, गाणं चालू होतं, पण हा म्हणे, "भाऊंचा हात लागू द्या." भाऊंनी हसत हसत मागचा एक स्क्रू सैल केला आणि पुन्हा आवळला. व्यापारी खूश होऊन गेला. तेव्हापासून प्रत्येक मशीनचा एक स्क्रू मी मोकळा ठेवायचो, आणि भाऊ चहाहून येऊन तो लावायचे. गिऱ्हाईक त्या एका स्क्रूकडे असं बघायचं की बाकीचे अकरा आपोआप लागले असावेत. मी त्या रीतीचा किती राग राग करायचो ते भाऊंना कधी कळलं नाही. की कळत होतं, देव जाणे.

साठी ओलांडल्यावर भाऊंचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाची बशी वाजायची. मग सोल्डरचा थेंब भलतीकडे पडायला लागला. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्या भाऊ आठवण झाली तर घ्यायचे. बारीक काम हळूहळू सगळं माझ्याकडे आलं. पण खुर्ची त्यांचीच राहिली, खिडकीजवळची, उजेडाची. आणि शेवटचा स्क्रू राहिला. थरथरत्या हातानं ते खाच शोधायचे, पेचकस दोनदा घसरायचा, तिसऱ्यांदा बसायचा. गिऱ्हाईक कौतुकानं बघत राहायचं. मला मात्र ते बघताना चीड यायची. म्हातारा माणूस सोडत का नाही, एवढंच मनात यायचं. हे लिहायला लाज वाटते, पण यायचं ते यायचं.

वैशाखात जामनेरचा एक स्टुडिओवाला मशीन घेऊन आला. लग्नाच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचा त्याचा धंदा. खानदेशात वीस-तीस वर्षांपूर्वी ज्यांची लग्नं कॅसेटवर काढली, त्यांची पोरं आता त्या कॅसेटी घेऊन त्याच्याकडे यायची. त्याचं सगळं काम कॅसेटचं चित्र कॉम्प्युटरात घेणाऱ्या एका जुन्या कार्डावर चालायचं. ते कार्ड बसायची खाच नव्या मदरबोर्डावर येतच नाही, त्यामुळे जुना बोर्ड जपणं हाच त्याचा धंदा होता म्हणा ना. आणि तो बोर्ड आता दुपारी अर्ध्या तासात हँग व्हायचा. कॅसेट अर्धी उतरली की नवरदेव घोड्यावर तसाच थांबून राहायचा.

झाकण उघडलं आणि मी कपाळाला हात लावला. आत सगळीकडे पांढरा थर. मी विचारलं, "हे काय, मीठ लावून ठेवलंय का लोणच्याला?" तो ओशाळला. मशीन तापतं म्हणून त्यानं बाजूचा पत्रा काढून खोलीतला पाण्याचा कूलर थेट मशीनच्या तोंडावर लावला होता, पूर्ण महिनाभर. आमच्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे निम्मं क्षारच. ओली हवा आत गेली, वाळली, आणि क्षार मागे राहिले. खानदेशात उन्हाळ्यात माणूस तापला की कूलरपुढे बसतो, बैल तापला की त्याच्यावर पाणी मारतात, तर मशीननं काय पाप केलं, असा त्याचा हिशोब. मी त्याला दहा मिनिटं झापलं. भाऊ खुर्चीत बसून हसत होते.

क्षार ब्रशनं साफ झाला. खरा आजार वेगळाच होता. प्रोसेसर थंड होता, पण त्याच्याखाली चिपसेट असतो ना, बोर्डावरचा बाकी सगळा कारभार बघणारी चिप, ती इतकी तापत होती की बोट टेकवून दोन अंक मोजता येईनात. तिच्यावर कंपनीनं बसवलेला रुपयाएवढा पंखा धुळीनं जाम झाला होता. तसला पंखा कुठे मिळत नव्हता, आणि मिळाला असता तरी आमच्या धुळीत एका उन्हाळ्यात पुन्हा मेला असता. म्हणजे बाहेरून दुसरा, बिनपंख्याचा हीटसिंक निवडून बसवायचा. ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पात्यांचा ठोकळा, चिपवर बसतो आणि उष्णता हवेत सोडतो. ऐकायला सोपं आहे. बसवताना भल्याभल्यांचा घाम निघतो.

भाऊंनी मला जवळ बोलावलं आणि चिपवर बोट फिरवत तीन गोष्टी सांगितल्या. एक, बोर्डावरच्या दोन भोकांमधलं अंतर आधी मोज. दोन, चिपच्या बरोबर वर ग्राफिक कार्ड येतं, त्याच्याखाली जागा किती ते मोज. तीन, कॅबिनेट उभं राहतं, म्हणजे हीटसिंक आडवा लटकणार, तेव्हा जड घेऊ नको. मी 'हो हो' म्हणत होतो. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? बावीस वर्षं झाली होती. त्यांनी पेढ्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्या जागेत बसवून बघितला, पुन्हा कापला, पुन्हा बसवला. थरथरत्या हातानं कात्री वाकडी जात होती. मी मोबाईलकडे बघत बसलो.

मोबाईलवर मला एक हीटसिंक आवडला. उंच, तांब्याच्या दोन नळ्या वाकून वर गेलेल्या, पात्यांचा पिसारा. लिहिणाऱ्यांनी लिहिलं होतं, फार थंड ठेवतो. भोकांचं अंतर जुळत होतं. मी भाऊंना न विचारता मागवला. खरं सांगायचं तर थंड ठेवतो म्हणून नाही मागवला. दिसायला भारी होता, आणि स्टुडिओवाल्यानं बघितल्यावर 'भाऊंचा धाकटा भारी माणूस आहे' म्हणावं, म्हणून मागवला. चाळिशी उलटलेला माणूस मी, आणि अक्कल अशी.

चार दिवसांनी कुरियर आलं. त्याच दिवशी सकाळच्या एसटीनं स्टुडिओवालाही आला. बाकावर आमचे नेहमीचे दोघं होते, एक यंत्रमागाचे चाचा आणि एक कोर्टातले निवृत्त कारकून. त्यांची मशीनं कधीच दुरुस्त झालेली असायची, ते चहासाठी यायचे. मी सगळ्यांसमोर खोकं उघडलं. तांबं चमकलं. स्टुडिओवाला म्हणाला, "वा!" मी बोर्ड टेबलावर घेतला, चिप पुसली, नुसता अंदाज घ्यायला हीटसिंक वर ठेवला आणि ग्राफिक कार्ड खाचेत बसवायला गेलो.

कार्ड बसेना. तांब्याच्या नळ्या बरोबर मध्ये येत होत्या. चांगला बोटभर फरक. मी कार्ड तिरकं करून पाहिलं, हीटसिंक फिरवून पाहिला, उलटा करून पाहिला. काही नाही. मानेवरून घाम पाठीत उतरायला लागला.

"माप लिधं व्हतं का रे?" भाऊंनी विचारलं.

मी हीटसिंक पुन्हा फिरवून बघत राहिलो. त्यांनी टेबलाचा खण उघडून तो पेढ्याचा पुठ्ठा काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "चार दिवस हाई आठेच, खणमा पडेल शे. इचारं असतं ते सांगतू." मग कारकुनांकडे वळून म्हणाले, "करवत शे का तुमना घर? तांबं कापनं पडी." सगळे हसले. चाचा मांडीवर थाप मारून म्हणाले, "अरे भाई, ऊंट ले आये, दरवाजा नापा नहीं!" स्टुडिओवालाही हसला. ज्यानं मशीनला कूलर लावला होता तो हसला! तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

भाऊ एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी दुसरा खण उघडला आणि त्यातून एक कागदात गुंडाळलेला चपटा हीटसिंक काढला. ॲल्युमिनियमचा, रुंद, बुटका, दोन कोपऱ्यांत दोन स्क्रू. त्यांनी जळगावच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला माप सांगून तो एसटीच्या पार्सलनं मागवून घेतला होता. दोन दिवस तो त्या खणात होता. दोन दिवस मी त्याच टेबलावर काम करत होतो, आणि भाऊ काही बोलले नव्हते. माझी फजिती सगळ्यांसमोर व्हावी म्हणून थांबले होते, असं मला तेव्हा वाटलं. आजही थोडं वाटतं. आमच्या घरात शिकवायची पद्धतच तशी. पोराला पडू द्यायचं आणि मग चार लोकांत सांगायचं की कसं पडलं.

"द्या इकडे," मी म्हणालो आणि त्यांच्या हातातून तो जवळजवळ हिसकावून घेतला.

"धाकल्या, स्प्रिंग नही शे याले," भाऊ म्हणाले. "पाव पाव फेरा. आलटून पालटून. नहीतर थांब, मीच लावस दोन्ही."

याचा अर्थ सांगायला हवा. ही चिप वरून उघडी असते. काचेसारखा एक छोटा काळा चौकोन, त्याच्यावर धातू टेकतो. दोन स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत. एक पूर्ण आवळला आणि दुसरा सैल असला तर ठोकळा आवळलेल्या बाजूला कलतो, आणि सगळा भार चिपच्या त्या एका कोपऱ्यावर येतो. चांगल्या हीटसिंकला स्क्रूखाली स्प्रिंग असते, ती थोडं सांभाळून घेते. याला नव्हती. म्हणून पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, असं दोन्ही बाजूंनी सारखं खाली आणायचं. अशा कामात दोन्ही स्क्रू भाऊ स्वतः लावायचे, हात चालत होता तोवर. शेवटच्या स्क्रूची रीत अशा वेळी बाजूला ठेवायची, हेही ठरलेलं होतं.

मी ऐकलं आणि ऐकलं नाही. कानात ते हसणंच होतं. उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा थेंब टाकला, हीटसिंक ठेवला, माझ्या बाजूचा स्क्रू खाचेत धरला आणि आवळला. पाव फेरा नाही, अर्धा नाही. पूर्ण. दात आवळून. शेवटच्या पिळाला अंगठ्याखाली बारीक कट्ट झालं, भातात खडा दाताखाली यावा तसं. आवाज असा झालाच नाही, तो मलाच जाणवला. मी ओळखलं. कोपरा गेला होता.

माझ्या हाताखाली एका माणसाचा धंदा होता, आणि तो मी मोडला होता, आणि चार माणसं बघत होती. त्यातल्या तिघांना अजून काहीच माहीत नव्हतं. चौथ्यालाही नव्हतं. ते खुर्चीत मान पुढे करून बसले होते, चष्मा कपाळावर.

त्या क्षणी मी काय केलं ते नीट सांगतो, कारण हे घाबरून झालेलं नाही. मला पूर्ण सुचत होतं. मी बोर्ड अलगद फिरवला, दुसरा स्क्रू भाऊंच्या बाजूला केला, आणि पेचकस दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. "भाऊ, शेवटचा तुमचा," मी म्हणालो. इतक्या अदबीनं मी तो आयुष्यात कधी दिला नव्हता.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, त्यांना बरं वाटलं. मघाशी आपण पोराला जरा जास्तच बोललो आणि त्यानं मनावर घेतलं नाही, असं काहीतरी वाटलं असावं. त्यांनी पेचकस घेतला. हात थरथरत होता. टोक खाचेतून घसरून हीटसिंकवर टक्कन आपटलं. पुन्हा घसरलं. मी मोठ्यानं म्हणालो, "भाऊ, हळू! चिप आहे!" बाकावरच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. चाचा उठून उभे राहिले. स्टुडिओवाला पुढे वाकला. सगळ्यांची नजर त्या हातावर, आणि तो हात नजरेनं अजूनच हलायला लागला. तिसऱ्यांदा पेचकस बसला. भाऊंनी पाव पाव फेरा देत, मध्ये थांबत, स्क्रू आवळला. अगदी बरोबर आवळला.

मी वायर जोडून बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळा. पुन्हा दाबलं. रॅम काढून घातली, कार्ड काढून घातलं, नाटक पूर्ण केलं. काळाच. स्टुडिओवाल्याचं तोंड उतरत गेलं. मग मी हीटसिंक काढला, चिप पुसली, भिंग डोळ्याला लावलं. मोहरीच्या निम्म्यानं असेल तो तुकडा. स्वच्छ तुटलेला. माझ्या स्क्रूखालचा.

"काय व्हयनं?" भाऊंनी विचारलं.

"कोपरा गेला चिपचा."

भाऊंनी खिसे चाचपले, टेबलावर हात फिरवला. चष्मा कपाळावर आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. भिंग माझ्या हातात होतं. त्यांनी ते मागितलं नाही. नुसतं माझ्याकडे बघून विचारलं, "कोणता कोपरा गया रे?"

बोर्ड मी फिरवला होता. कोणत्या बाजूला कोण बसलं होतं हे त्यांना आठवत होतं, मलाही. त्यांना एवढंच हवं होतं. मी म्हणालो असतो 'माझ्या बाजूचा', तर दोन दिवस लोक हसले असते, भाऊंनी चार शब्द सुनावले असते, आणि तिसऱ्या दिवशी चहा पाजला असता.

"तुमच्या बाजूचा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. वाद घातला नाही, दाखव म्हणाले नाहीत. मी खोटं बोलेन हे त्यांच्या मनातच आलं नसणार. स्टुडिओवाला मात्र उसळला. "भाऊ, हात चालत नाही तं कायले घालता हात? आता मी काय करू? कुठं भेटन असा बोर्ड?" तो माणूस भाऊंपेक्षा निम्म्या वयाचा. भाऊंनी त्याच्यापुढे हात जोडले. जोडलेले हातही हलत होते. "चुकलं बाबा मनं," ते म्हणाले. चाचांनी मान दुसरीकडे केली. कारकून उठून निघून गेले.

आणि मी? मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, आता इतकं सांगितल्यावर? हसणारे गप्प झाले होते. पुठ्ठा टेबलावर पडला होता आणि त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी स्टुडिओवाल्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "तुम्ही काळजी करू नका, मी शोधून देतो बोर्ड." आणि दिला शोधून, महिनाभरानं, मुंबईच्या जुन्या बाजारातून. चपटा हीटसिंक त्यावर बसवला, पाव पाव फेरा देत. आजही त्याचं मशीन चालतंय. तो मला देवमाणूस म्हणतो. मोडका बोर्ड मी दुसऱ्याच दिवशी सकाळी भंगारवाल्याच्या गाडीत टाकला, भाऊ दुकानात यायच्या आधी.

पण भाऊ त्या दिवशी आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी घरी गेलो तर ओट्यावर बसले होते. वहिनी म्हणाल्या, "जेवत नाहीत धड. तुम्ही तरी समजवा, होतं असं म्हणावं." मी समजवलं. "भाऊ, वयानं होतं, मनाला लावून घेऊ नका." हे मी बोललो. वयानं होतं. वहिनींनी मला चहा दिला आणि डोळे पुसले. म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून बरं." तो चहा मी प्यालो.

आठवड्याभरात मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला लागलो. उजेड खरंच चांगला येतो तिथे. लोक आले, 'भाऊ नाहीत का' म्हणाले, मग कोणीतरी त्यांना गोष्ट सांगितली, आणि हळूहळू विचारायचं बंद झालं. धुळ्यात अशी गोष्ट पसरायला किती वेळ लागतो? चाचांनी तर ती अशी रंगवली की भाऊंच्या हातून पेचकसच चिपमध्ये घुसला. मी ती दुरुस्त केली नाही. काही काही गिऱ्हाइकं दुकानात यायच्या आधी दारातून डोकावून म्हातारा नाही ना ते बघून घ्यायची. तेही मी पाहिलं आणि गप्प बसलो.

सहा-सात महिन्यांनी, थंडीत, एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला भाऊ दुकानात आले. आंघोळ करून, केस विंचरून, घडी मोडलेला नवा शर्ट घालून. मी खुर्चीतून उठलो नाही. ते बाकावर बसले, गिऱ्हाइकाच्या बाकावर, आणि म्हणाले, "दख."

त्यांनी टेबलावरच्या डबीतून चिमट्यानं एक बारीक स्क्रू उचलला, लॅपटॉपचा, तिळाएवढा. माझ्यासमोर उघड्या पडलेल्या लॅपटॉपच्या भोकावर तो नेला आणि सोडला. एकदम बरोबर. मग दुसरा, मग तिसरा. हात दगडासारखा स्थिर. नव्या डॉक्टरनं गोळ्या बदलल्या होत्या, आणि आता ते त्या घड्याळ लावून घेत होते. दुकानात परत बसता यावं म्हणूनच घेत होते, हे मला तेव्हा समजलं.

"मना हात थांबना, थरथर गई," ते म्हणाले. चेहरा असा फुलला होता, शाळेत पहिला आलेल्या पोराचा असतो तसा. मग जरा घुटमळून म्हणाले, "बसू का मी? सकायले दोन घंटा. काम तूच करजो. मी नुस्तं आठे बसस." ज्या माणसानं दुकान उभं केलं तो मला विचारत होता, बसू का.

माझ्या तोंडात खरं आलं होतं. शपथेवर सांगतो, आलं होतं. पण खरं सांगितलं की खुर्ची गेली, आणि नुसतं 'बसा' म्हटलं की कधी ना कधी त्यांच्या हातात भिंग आलं असतं, एखादी तशीच चिप आली असती, आणि त्यांनी बसून हिशोब लावला असता की कोणता कोपरा कोणत्या स्क्रूनं जातो. एवढा विचार मी दोन श्वासांत केला.

"भाऊ," मी म्हणालो, "त्या दिवशीसुद्धा तुम्हाला हात ठीकच वाटत होता ना?"

त्यांनी चिमटा खाली ठेवला. चेहऱ्यावरचा आनंद गेला, पण एकदम नाही, हळूहळू गेला, आणि मी तो पूर्ण जाईपर्यंत बघत होतो. "खरं शे," ते म्हणाले. लावलेले तिन्ही स्क्रू त्यांनी काढून परत डबीत टाकले, एकेक करून. मग उठले. मी रिक्षा बोलावू का विचारलं तर नको म्हणाले.

त्यानंतर त्यांनी हत्याराला हात लावला नाही. घरातही नाही. कुकरच्या मुठीचा स्क्रू ढिला झाला तरी वहिनी मला फोन करतात, कारण भाऊ म्हणतात, माझ्या हातून बिघडेल. मागच्या आठवड्यात त्यांच्या जिन्याखालच्या मीटरपाशी वायर जळाली. तिथे दिवसासुद्धा अंधार असतो. मी फ्यूज काढून बसलो, आणि भाऊ माझ्या खांद्यामागे बॅटरी धरून उभे राहिले. मी म्हटलं, भाऊ, दुखेल हात, ठेवा खाली. ते म्हणाले, "तू कर. मी धरस." चांगला पाऊण तास लागला. बॅटरीचा उजेड त्या पाऊण तासात एकदाही हलला नाही.